ठेका

पक्षाघातानंतर विजयाताईंच्या डाव्या हाताचं एक बोट एके दिवशी चादरीवर ठेका धरू लागलं, तेव्हा त्यांच्या नवऱ्याने, भास्कररावांनी, देवापुढे साखर ठेवली. जन्मभर टाळ वाजवलेला हात तो. रोज उशाशी लावलेलं कीर्तनच फळाला आलं म्हणायचं! पण गोडादरा वस्तीतल्या त्यांच्या फ्लॅटच्या वरच्या मजल्यावर शाळकरी पूर्वाचा बास्केटबॉल सारखा धपधपायचा. शेवटी ते वर जाऊन कडाडले, "अगं, कीर्तनाचा एक शब्द ऐकू देशील तर शपथ!"

बॉल बंद झाला. कीर्तन स्वच्छ ऐकू येऊ लागलं, आणि बोट थांबलं.

दोन दिवस वाट पाहून भास्करराव पूर्वाच्या दारात हात जोडून उभे राहिले. "बाई माझे, बॉल घेऊन खाली ये. आणि मलाही शिकव. तू शाळेत गेल्यावर मी काय करू?"

पलंगाजवळ पहिल्याच झटक्यात बॉल निसटून मोरीत गेला.

"असं नाय काका! थापट्या नका मारू, बोटांनी दाबा. आणि बॉलकडे नका बघू, समोर बघा."

धप. धप. धप. त्यांनी समोर पाहिलं.



विजयाताईंचं बोट हललं, आणि बॉल पुन्हा भास्कररावांच्या हातून निसटला.