निळी की पांढरी

ती निळ्या बोटीच्या अंगाला कान लावून पेरानं ठोकत होती. टक, टक, टक. दातांची डॉक्टर असल्यामुळे ठोकून ऐकण्याची सवय हातात मुरलेली होती.

"कीड नाही," ती म्हणाली. "पोकळ आवाज कुठेच येत नाही."

"बाई, ही तुमच्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहे," दलाल म्हणाला. वापरलेल्या शिडाच्या बोटी विकता विकता त्याचे केस पिकले होते. "आधीच्या मालकानं हिच्यावर संसार केलाय, संसार!"

तिचा नवरा शेजारच्या पांढऱ्या बोटीवर उभा होता. भूगोलाचा मास्तर, नुकताच निवृत्त झालेला, उंच आणि जरासा वाकलेला. सकाळचं धुकं अजून विरलं नव्हतं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. दोन्ही बोटी नुसत्याच तरंगत होत्या, कशावर ते दिसत नव्हतं.

"आधी इकडे ये," त्यानं हाक मारली. "हिचं सुकाणू बघ. एका बोटानं वळतं!"

"बोटाचं कौतुक पुरे. आत नीट उभं राहता येतं का?"

"नाही. आत्ताच डोकं आपटलं."

"मग?"

"मग काय, बसायचं."

दलाल मनात हसला. अशी जोडपी त्याला तोंडपाठ होती. नवऱ्याला वारा हवा असतो, बायकोला ओटा हवा असतो, आणि शेवटी ओटाच जिंकतो. शिवाय या दोघांनी घर विकलं होतं. मुलगी लग्न होऊन गेली, आता पाण्यावरच राहायचं, असं त्यांनी फोनवरच सांगितलं होतं.

निळी आतून ऐसपैस होती. गोल खिडकीतून धुक्यातलं कोवळं ऊन येत होतं आणि पाण्याची चमक लाकडी छतावर थरथरत होती. ती बिछान्यावर आडवी झाली आणि कितीतरी वेळ ते छत बघत राहिली. मग उठून वितीनं बिछाना मोजू लागली.

"पाय पूर्ण लांब करता येतील," ती म्हणाली. "ओटाही उंच आहे, कंबर मोडायची नाही. इथे पुस्तकं. नकाशे या फळीवर."

"जड आहे ही," दारातून तो म्हणाला. "म्हैस डुंबायला बसावी तशी बसलीय."

"म्हैस बुडत नाही."

वारा सुटला तसे तिघं पांढरी घेऊन बाहेर पडले. सुकाणू त्यानं धरलंच नाही. "तूच धर," म्हणाला. शीड भरलं आणि बोट एका कुशीवर कलंडून सुसाट निघाली. धुकं फाटून दोन्ही बाजूंना मागे पळू लागलं. ती मोठ्यांदा हसली. तो कठड्याला घट्ट धरून बसला होता, चेहरा पांढराफटक, पण तिच्यावरची नजर हलत नव्हती.

"ही घ्यायची," तो म्हणाला. "बघ ना कशी पळते!"

"शिडं हाकायला कुठे शिकलात?" दलालानं विचारलं.

"कॉलेजात," ती म्हणाली. "आमची ओळखच पाण्यात झाली. शर्यतीत हा बोटीतून पडला आणि मी माझी बोट वळवली."

"मी पडलो नव्हतो, घसरलो होतो."

"नाकातोंडात पाणी गेलं की त्याला पडणंच म्हणतात. मी सगळ्यांच्या पुढे होते तेव्हा."

तिघंही हसले.

दुपारी निळी घेऊन गेले. वारा तोच होता, पण निळीला कसली म्हणून घाई नव्हती. किनाऱ्याची झाडं स्वप्नात सरकावीत तशी सरकत होती. सुकाणूवर हात ठेवल्या ठेवल्या मास्तरला डुलकी लागली, तरी बोट सरळच चालत राहिली. तिनं त्याला उठवलं नाही. त्याच्या डोक्यावर ऊन येत होतं, म्हणून ती फक्त जरा सरकून बसली.

धक्क्यावर परतल्यावर दलालानं विचारलं, "मग? निळी की पांढरी?"

"निळी," ती म्हणाली. "तिला तोड नाही."

"पांढरी," तो म्हणाला. "अशी पुन्हा मिळायची नाही."

दोघंही हटेनात. इथे आवाज चढतात, हा दलालाचा अनुभव होता. पण या दोघांचे आवाज उतरतच गेले.

"पांढरीचे दोर बदलून द्या," मास्तर दलालाला म्हणाला. "जाड दोरानं मनगट दुखतं. मऊ बघा."

"आणि निळीच्या शिडीला दोन्हीकडून कठडा लावा," ती म्हणाली. "पायरी ओली असली की पाय सटकतो."

"अहो, पण घ्यायची कुठली?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली.

"दोन्ही," ती म्हणाली.

दलालाचा चेहरा फुलला. जन्मात त्यानं असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. "वा! याला म्हणतात समजूतदार जोडपं! राहायला बाईंची निळी, आणि सुट्टीला शर्यतीत पळायला मास्तरांची पांढरी!"

मास्तर पाण्याकडे तोंड करून उभा राहिला.

"नाही हो," ती म्हणाली. "राहायचं दोन्हींत आहे. निळीत हा राहील, पांढरीत मी."