सुटा तुकडा

बऱ्याच खटपटीनंतर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नकाशे साफ करणारं टूल एकदाचं इन्स्टॉल झालं. हर्षलाने एका ओळीची कमांड दिली आणि किनारपट्टीच्या नकाशाची, छोट्या त्रिकोणांनी विणलेली जाळी साफ झाली. खाली उत्तर आलं : मुख्य जमिनीला न जोडलेला तुकडा काढून टाकला.

तो तुकडा म्हणजे तिचं बेट होतं. वादळाचं पाणी कुठे शिरणार, ते या जाळीवरून ठरायचं. जाळीत नाही, त्याला इशारा नाही. आणि तिथे आई एकटी.

"जाऊ दे गं," मागून तिचे साहेब, पाठारे सर म्हणाले. "वीसेक घरं. काय फरक पडतोय?"

"तुमच्या सोसायटीत किती घरं आहेत, सर?"

"बरं बाई, ठेव."

तिने कमांड बदलली, बेट परत आलं. तिने ते मोठं केलं, आणखी मोठं केलं. घराच्या जागी नुसता रिकामा त्रिकोण. पडवी नाही, चूल नाही. नोकरी लागल्यापासून ती स्वतःही तिथे फिरकली नव्हती.

तिने फोन लावला.

"आज बरी आठवण झाली गो?" आई म्हणाली. "जेवलीस?"

"नाही. उद्या पहिल्या होडीने येतेय. माझा भात ठेव."