चाकाचा सैल नट

चाकाचा एक नट आजही सैल निघाला.

"कमाल झाली बाई!" जीपशेजारी गुडघे टेकून ती पुटपुटली. नवऱ्याची चाहूल घेतली, पान्याने नट गच्च आवळला आणि हात फडक्याला पुसले.

जीप म्हणजे दोघांची हौस. भंगारातून आणलेली, दोघांनी मिळून उभी केलेली. सुट्टीला डोंगरातल्या चिखलात घालायची आणि मग आठवडाभर दुरुस्त करत बसायचं. शेजारी हसायचे. हसोत बापडे!

नट आवळला की नवरा नटावरून चाकापर्यंत पांढऱ्या रंगाची आडवी रेघ मारायचा. नट जरा हलला की रेघ तुटायची. हल्ली रोज एक रेघ तुटलेली सापडे. पण जीप तर कित्येक दिवस जागची हलली नव्हती! मग नट सैल होतो कसा? तिचं डोकंच चालेना. शेवटी तिने एकच अर्थ लावला: हे उघडतात आणि आवळायचं विसरतात.

विसरतातच. गॅरेजच्या भिंतीवर त्याने परवाच प्रत्येक पान्याभोवती रंगाने आकार काढले होते, कुठला पाना कुठे टांगायचा ते कळायला. उभ्या आयुष्यात कधी गरज पडली नव्हती. आणि सकाळपासून एकच धोशा, "अगं, आज कोण येणार आहे?"

ती क्षणभर अडखळली. मग करवादली, "लेक येणार आहे हो, लेक! किती वेळा तेच ते?"

बिचारा नुसता हसला होता.

लेक फोनवर म्हणाली होती, "आता गाडी विकून टाकू. जिवाशी खेळ नको." जीप गेली तर या माणसाने दिवसभर करायचं काय? म्हणून ती गुपचूप नट आवळायची आणि ब्र काढायची नाही.

लेक आली. आईला मिठी मारली, ती सोडेचना.

"अगं, मी धडधाकट आहे. तुझ्या बाबांकडे बघ," ती हसून म्हणाली.

चहा झाला आणि बापलेक गॅरेजकडे गेले. तिला राहवेना. नवऱ्याची बाजू आपणच मांडायला हवी, नाहीतर हा भोळा माणूस मुकाट्याने चावी देऊन टाकेल. ती लगबगीने मागोमाग निघाली. दार अर्धवट उघडं होतं.

"बाबा, आईचं विसरणं वाढतंय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. गाडी कशाला ठेवायची?"

"चावी माझ्या खिशात असते गं. रोज एक नट मीच सैल करून ठेवतो. ती शोधते, आवळते, मी विसरलो म्हणून माझ्यावर चिडते आणि दिवसभर खुशीत असते. आणखी थोडे दिवस थांब. ज्या दिवशी तिला तो सापडणार नाही, त्या दिवशी मीच विकेन."