दाताला आवाज लागतो

"मालनबाई, नवा दात हाडात रुजलेलाच नाही," डॉक्टर म्हणाले. "याला आवाजाची थरथर लागते. रोज तासभर बोलायला सांगितलं होतं ना? आठवड्यात रुजला नाही, तर काढावा लागेल."

"जप करते की."

"पुटपुटून नाही भागत. मोकळ्या आवाजात बोला."

 सुनेशी भांडून वेगळ्या राहायला लागल्यापासून दिवसाकाठी मालनबाई दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हणत, तेवढंच बोलणं.

घरी येताच त्यांनी शेजारच्या ताराक्काचं दार बडवलं. "माझ्या कुंडीतला कढीपत्ता तोडतेस, लाज नाही वाटत?" एक पानही गेलेलं नव्हतं. तरी दोघी तासभर भांडल्या.

दुसऱ्या दिवशी ताराक्काच दारात आली, हातात कढीपत्त्याची अख्खी फांदी घेऊन.

"घे, तोडला. आता भांड. माझाही नवा दात अजून हलतोय."