दोन अधिक दोन

तैपेईच्या त्या वॉर्डात बाबांचं हृदय थांबलं, तरी सिस्टर श्यू मान खाली घालून उभीच राहिली.

“अहो, छाती दाबा ना!” मी ओरडले.

“ताई, संगणकाच्या पडद्यावर यांच्या नावापुढे चार आहे. चार म्हणजे हृदय परत सुरू करायचं नाही. घरच्यांचीच इच्छा असते ती.”

“घरची मीच आहे! मी कधी सांगितलं?”

मी त्याच संगणकावर बाबांच्या नोंदी उघडल्या. दोन म्हणजे रुग्ण पलंगावरून पडण्याचा धोका. तो सकाळी एका नर्सने नोंदवला, दुपारी दुसरीने. तीच खूण पुन्हा लावली तर आकडा तसाच राहायला हवा. इथे बेरीज होऊन चार झाले होते.

श्यू धावली आणि बाबांची छाती दाबू लागली. वीस मिनिटांनी घामाघूम होऊन तिने हात काढले.

“कुठल्या गाढवाने लिहिलाय हा प्रोग्रॅम?” ती रडत म्हणाली.

मी बाबांचे डोळे मिटवले.

“मी.”