कुकरची शिट्टी

अंथरुणाला खिळलेल्या तात्यांशी शेजारचे दळवीकाका गप्पा मारत बसले होते, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. सुधा चटकन उठली.

"तू बस गं, गॅस मी बंद करतो," म्हणत काका स्वयंपाकघरात गेलेसुद्धा.

सासरे-सून एकमेकांकडे बघतच राहिले. शिट्टी तात्यांखालच्या सेन्सरवाल्या चादरीची होती. लघवी व्हायच्या जरा आधी ती वाजायची, आणि पाहुण्यांसमोर लाज नको म्हणून तात्यांनीच तिला कुकरचा आवाज लावून घेतला होता.

काका परत आले. "ओट्यावर कुकरच नाही!" मग चादरीकडे बघत ते हळूच म्हणाले, "आमच्या हिच्या चादरीला मी मिक्सरचा आवाज लावलाय."

तात्या खदाखदा हसत सुटले. सुधा भांडं आणेपर्यंत चादर ओली झाली, तरी हसतच होते.