सास्तूरचे पाच जण

पान उघडेना. पांढऱ्या पडद्यावर चक्र नुसतं फिरत होतं. बलभीम पुजाऱ्यांनी टेबलावर बोटं वाजवली.

"बघ, गौरी. दर्शनाला येणाऱ्या यजमानानं तिकडून वेबसाइटवर नाव टाकलं की लगेच जातंय म्हणं. मला इथं बघायचं तर देवीची आरती होऊन जाती."

गौरीचं तुळजापुरातच कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. तिनं तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं. टचकन उघडलं.

"वेबसाइट चांगली हाय, आबा. मशीनबी चांगलं हाय. हा एकच ब्राउझर अडतोय."

"शंभूनं सांगितलंय, ह्याच्यातूनच उघडा, दुसऱ्याला हात लावू नका."

शंभू त्यांचा मुलगा. पलीकडच्या गल्लीत वेगळा राहायचा, पण मंगळवारी न चुकता यायचा आणि कॉम्प्युटर बघून जायचा. ह्या वयात आबांना माऊस धरायला त्यानंच शिकवलं होतं.

गौरीनं त्या ब्राउझरमध्ये साठलेलं सगळं पुसून पाहिलं. तेच. मग त्याला वरून जोडलेले छोटे छोटे प्रोग्राम एकेक करून बंद करत गेली. शेवटचा बंद केला आणि पान झटक्यात उघडलं. दोष सापडला तरी तिचा चेहरा खुलला नाही. त्या प्रोग्रामच्या आत ती बराच वेळ बघत बसली.

"आबा, तुमी पान उघडलं की हे आतली नावं, गाव, कधी येणार, सगळं आधी एका मेलवर धाडतंय. मग तुमाला दाखवतंय. म्हणून वेळ लागतोय."

"कुणाच्या मेलवर?"

"शंभूदादाच्या."

"मग त्यात काय," आबा म्हणाले. "घरचाच हाय. बापाची काळजी म्हणून बघत असंल."

गौरीनं पडदा त्यांच्याकडं वळवला.

तुळजापुरात यजमानाचा पुजारी ठरलेला असतो. आजोबा ज्या घरी उतरले, त्याच घरी नातू उतरतो. दुसरा उंबरा चढत नाही. पण हल्ली काही घराणी येतो म्हणून कळवत आणि येत नसत. आबांनी कधी पेरणीला बोल लावला, कधी रस्त्याला. शिजवलेलं पुरण शेजारी वाटून टाकलं. एकदा तर वाटायला शंभूच आला होता.

"ते चालू कर परत," आबा म्हणाले.

"आबा?"

"कर. आन तुझ्या फोनवरून एक नाव टाक. गोरोबा, सास्तूर. पाच जण. उद्या सकाळच्या लोहारा गाडीनं येतोय, स्टँडवर न्यायला माणूस पाठवा."

"ह्या नावाचं घराणं हाय तुमच्याकडं?"

"न्हाय."

तिनं नाव टाकलं. आबांनी पान उघडलं. चक्र फिरू लागलं. या वेळी त्यांनी घाई केली नाही.

सकाळी ते स्टँडवर नारळाच्या गाड्याआड उभे राहिले. न्यायला कुणी येऊ नये म्हणून देवीचं नाव घेत होते.

लोहारा गाडी लागली तसा शंभू आला. धुतलेलं धोतर, खांद्यावर उपरणं, कपाळाला ठसठशीत कुंकू. गाडीच्या दाराशी उभा राहून उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागला, "सास्तूरचे गोरोबा कोण? बलभीम पुजाऱ्यांच्या घरून आलोय."

एक म्हातारी उतरता उतरता थांबली.

"आमचंबी तेच घर, बाबा. मालनबाई म्हण म्हंजे कळंल त्यांना. पर ते सोता येत्यात की न्यायला. तू कोण?"

"मी त्यांचा पोरगा, मावशी. आबा आता अंथरुणाला खिळल्यात. यजमानांचं सगळं माझ्याकडंच हाय. चला, माझ्या घरी चला."

"आगं आई. मग आधी त्यांचं दर्शन घेती की."

"कशाला, मावशी. कुणाला वळखत न्हाईत ते आता. मलाबी न्हाई."

म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. शंभूनं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि वळला.

समोर आबा उभे होते.

म्हातारी एकदा ह्याच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघू लागली. आबांनी शंभूच्या हातातली पिशवी काढून घेतली, म्हातारीला पुढं चालायची खूण केली आणि मग त्याच्याकडं पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत, परक्या माणसाला पाहावं तसं.

"कोण म्हणायचं तुमी?" त्यांनी विचारलं.